मास्कचा रकाना शोभेला नाहीये!

किती वेळा सांगायचं या लोकांना? आयपी, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, टाकताना खाली सबनेट मास्कचा (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते ठरवणाऱ्या आकड्याचा) रकाना असतो, त्यात डोळे झाकून २५५.२५५.२५५.० ठोकायचं नसतं! कॅमेरेवाला येतो, ठोकतो. प्रिंटरवाला येतो, ठोकतो. बायोमेट्रिकवाला तर विचारतही नाही. आणि निस्तरायचं आम्ही.

परवाचंच घ्या. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१०.० स्लॅश २५ ने (म्हणजे पत्त्याच्या ३२ पैकी पहिले २५ बिट नेटवर्कचे) दोन भागांत विभागलंय. ० ते १२७ स्टाफ, १२८ ते २५५ कॅमेरे आणि प्रिंटर. रॅकवर ठळक अक्षरांत कागद चिकटवलाय: मास्क २५५.२५५.२५५.१२८. तरी या कॅमेरेवाल्या पठ्ठ्याने कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला १४० नंबर दिला, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) १२९ बरोबर टाकला आणि मास्क? तोच, बोटांत बसलेला. झालं, अकाउंट्सच्या २० नंबरच्या पीसीवर रेकॉर्डर उघडेना. वर मलाच ऐकवतो, "मोबाईलवर दिसतंय की साहेब, लोच्या तुमच्या नेटवर्कमध्येच आहे."

मोबाईलवर दिसणारच ना! इंटरनेटचा पत्ता बाहेरचा आहे हे चुकीच्या मास्कवरही कळतं, म्हणून ते पॅकेट गेटवेकडे जातं. पण २० नंबर रेकॉर्डरला आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. पीसीची रिक्वेस्ट राउटरमार्फत नीट पोचते. उत्तर द्यायची वेळ आली की रेकॉर्डर गेटवेकडे जातच नाही, आपल्याच भागात एआरपी करत, म्हणजे "२० नंबर कोण?" अशी हाक मारत बसतो. तिथे २० नंबर आहेच कुठे ओ द्यायला? यापायी केबल बदलून झाल्या, स्विच रीस्टार्ट झाला, अख्खी दुपार गेली.

आणि समजायला आहे तरी काय त्यात? १४० म्हणजे १०००११००. २० म्हणजे ०००१०१००. मास्कमधले १२८ म्हणजे १०००००००. मास्कमध्ये जिथे १, तेवढेच बिट बघायचे. एकाचा पहिला बिट १, दुसऱ्याचा ०. नेटवर्क वेगळं, विषय संपला! मास्कमध्ये तिथे ० टाकलात तर त्या आकड्याचा एकही बिट बघितला जात नाही आणि दोघंही एकाच नेटवर्कमध्ये धरले जातात.

हे एका तासात फळ्यावर दाखवता येतं. पण कॉलेजांत काय? पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून मास्क ठरवणारे क्लास ए, बी, सी पाठ करा. १९२ दिसलं की क्लास सी, मास्क २५५.२५५.२५५.०, घ्या मार्क. अहो, सीआयडीआर, म्हणजे क्लासऐवजी स्लॅशच्या आकड्याने नेटवर्क पाडायची पद्धत, १९९३ ला आली, क्लासची पद्धत तेव्हाच मोडीत निघाली! आज मुलं इंटरव्ह्यूला येतात, स्लॅश २६ मध्ये होस्ट, म्हणजे यंत्रं, किती बसतात विचारलं की ६२ घडाघडा सांगतात. मग ७० नंबर कुठल्या रेंजमध्ये येतो विचारलं की गप्प. ६४-६४ च्या टप्प्याने मोजलं की ६४ ते १२७, एवढंच तर आहे. मला त्या मुलांचा राग नाही येत, त्यांच्याकडून नुसती घोकंपट्टी करून घेणाऱ्यांचा येतो.

१७२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं तर विचारूच नका. १७२ प्रायव्हेट (कुणीही आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये वापरावं असं) असतं एवढं कुठेतरी ऐकायचं आणि द्यायचं १७२.५० टाकून. प्रायव्हेट आहे ते फक्त १७२.१६ ते १७२.३१! १७२.५० पब्लिक आहे, दुसऱ्याचं आहे. उद्या त्या पत्त्यावरची एखादी साइट तुमच्याकडे उघडणार नाही आणि का उघडत नाही ते टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तोवर त्याचं बिल पास झालेलं असतं.