फक्त एक फॉर्मॅलिटी

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘इन्व्हेस्टर’ म्हणालं तेव्हा मी पुण्याजवळ पुनावळ्यात एका सँपल फ्लॅटच्या बेडवर बसलो होतो. त्याआधी लोक मला पालक, पॅसेंजर आणि ‘ओ काका, गाडी बाजूला घ्या’ एवढंच म्हणत आलेत, त्यामुळे एजंटभाऊ जेव्हा सेल्सवाल्या मुलीला म्हणाला की सर राहायला नाही घेत, सर इन्व्हेस्टर आहेत, तेव्हा माझी पाठ आपोआप ताठ झाली आणि पोट आत गेलं. बायकोने ते बघितलं पण काही बोलली नाही, ती ओढणीने बेड मोजत होती. मग म्हणाली, "अहो, जरा झोपा बरं यावर." झोपलो. पाय घोट्यापासून बाहेर.

सँपल फ्लॅटमध्ये बेड आखूड असतो, दारं लावलेलीच नसतात आणि कपाटाच्या जागी आरसा असतो, हे ज्ञान मला फुकट मिळालं. पुढचं सगळं विकत घ्यावं लागलं.

ती मुलगी म्हणाली, आज २० टक्के भरा, ॲग्रीमेंट नंतर निवांत करू, ती फक्त एक फॉर्मॅलिटी असते. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला तो आवडला पण. बायको म्हणाली, रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या त्या कायद्यात, रजिस्टर ॲग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही ना? मुलगी म्हणाली, मॅडम तुम्ही सीए आहात का? बायको शाळेत भूगोल शिकवते. खाली उतरल्यावर तिने गेटवरच्या होर्डिंगचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर होर्डिंगवर पझेशन पुढच्या दिवाळीत आणि महारेराच्या पानावर त्याच्याही दोन वर्षं पुढे. शिवाय बांधकाम चालू म्हणून वर ५ टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. एजंटभाऊने आमचे चेहरे बघितले आणि गाडीत बसेपर्यंत त्याच्याकडे रावेतला एक रीसेल फ्लॅट निघाला. "सर, क्रीम प्रॉपर्टी आहे. ९५० स्क्वेअर फूट. हायवेपासून पाच मिनिटं." पाच मिनिटंच लागली, पण हायवे ओलांडायला पंचवीस लागली ते त्यात धरायचं नाही.

फ्लॅट एका रिटायर्ड काकांचा. स्वच्छ, हवेशीर, टेरेसला काचा लावून केलेली एक जादा खोली, आणि काकूंच्या हातचा चहा. भाव ठरला ५२ लाख. घासाघीस मी केली असं मी सगळ्यांना सांगतो, खरं म्हणजे मी ५४ ला हो म्हणणार होतो आणि तेवढ्यात बायकोने नळ सोडून विचारलं की टँकर किती येतात. काका दोन लाखांनी खाली आले.

इथे एजंटभाऊने मला बाजूला घेतलं. एजंट बाजूला घेतो ना, त्याची एक खास पद्धत असते, खांद्यावर हात आणि आवाज देवळात बोलल्यासारखा. म्हणाला, तीन लाख कॅश द्या, ॲग्रीमेंट ४९ चं करू, स्टॅम्प ड्युटी वाचेल आणि ५० च्या आत असल्यामुळे टीडीएसची, म्हणजे पैसे देताना कर कापून सरकारला भरायची, पण कटकट नाही. मला क्षणभर फार हुशार वाटलं. मग लक्षात आलं की बँक कर्ज ॲग्रीमेंटच्या आकड्यावर देणार, म्हणजे कर्ज पण कमी, आणि तीन लाख कॅश माझ्याकडे कधी होती? शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, हे काकांना सांगितल्यावर काकांनी एजंटभाऊकडे असं बघितलं की त्याने चहाचा कप स्वतः आत नेऊन ठेवला. एजंट आपला असतो, समोरच्याचा पण असतो, आणि दोघांकडून एक एक टक्का घेतो म्हणजे खऱ्या अर्थाने तो फक्त फ्लॅटचा असतो.

आता बँक. बँकेचा एक पोरगा घरी आला, बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाला, सर सँक्शन झालंच समजा, सिबिल, म्हणजे तुमचा कर्जफेडीचा रेकॉर्ड, बघणं ही फक्त फॉर्मॅलिटी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, आवाज एकदम पडलेला. "सर, तुमच्या एका जुन्या क्रेडिट कार्डवर सेटल्ड दिसतंय."

मी म्हणलं, मग चांगलंच आहे की!

तुम्हीच सांगा, आमच्यात मुलगा सेटल्ड आहे म्हटलं की मुलीचे वडील पंचांग काढतात. माझं स्वतःचं लग्न त्या एका शब्दावर जमलं. पण बँकेच्या भाषेत सेटल्ड म्हणजे ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, भांडून कमीत मिटवलं. आणि ते खरं होतं, अनेक वर्षांपूर्वी एका कार्डवाल्यांनी ११ हजार मागितले होते, मी फोनवर हुज्जत घालून सहा हजारात मिटवलं आणि त्या पराक्रमाची गोष्ट मी कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितली आहे. आता उरलेले पैसे व्याजासकट भरून, नो ड्यूजचं पत्र घेऊन, ते ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून आणायला दीड महिना गेला. तेव्हा गडी हो, टोकन, म्हणजे विसार, देण्याच्या आधी आपला रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. मी टोकन दिल्यावर बघितला, आणि तो दीड महिना काका रोज संध्याकाळी सातला फोन करून विचारायचे, "काय, झालात का सेटल?"

मग आला व्हॅल्युअर, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत काढणारा, हा माणूस मला कायम लक्षात राहील. पायात सँडल, हातात लेझरचं मोजायचं यंत्र, चेहऱ्यावर काहीच नाही. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला. एका भिंतीला टेकवून लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पाडायचा, आकडा लिहायचा, पुढच्या खोलीत. ठिपका एकदा काकूंच्या देवघरातल्या गणपतीच्या पोटावर पडला तेव्हा काकूंनी हात जोडले. काचांच्या खोलीत तो आलाच नाही, दारातून बघितलं आणि वहीत आडवी रेघ मारली. मी म्हणलं, साहेब ही राहिली. म्हणाला, "ही मंजूर नकाशात टेरेस आहे. खोली नाहीचे." मी तिथे उभा होतो, माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता, पण खोली नव्हती. एकूण कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, निघाला ६१२. बाकीचे ३३८ फूट कुठे गेले असं एजंटभाऊला विचारलं तर म्हणाला, सर तो सेलेबल एरिया असतो, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं येतं. म्हणजे लिफ्टमध्ये मी जेवढा वेळ असेन तेवढा वेळ मी माझ्या इन्व्हेस्टमेंटमध्येच असेन.

बँकेने व्हॅल्यू लावली ४७ लाख. आता इथे नीट लक्ष द्या कारण मी दिलं नव्हतं. ह्या रकमेच्या कर्जाला बँक ८० टक्के देते असं सगळे सांगतात, पण कशाचे ८० टक्के ते कोणी सांगत नाही. तुमचा ठरलेला भाव आणि त्यांची व्हॅल्यू यातलं जे कमी असेल त्याचे. मी ५२ चे धरून ४१ लाख ६० हजारांची स्वप्नं बघत होतो, मिळाले ३७ लाख ६०. मधले चार लाख हवेत. वर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ते कर्जात धरतच नाहीत, आणि प्रोसेसिंग फी, आणि कर्जाबरोबर एक विमा, जो ऐच्छिक आहे असं तो पोरगा म्हणाला पण फॉर्मवर टिक आधीच केलेली होती. ती मी खोडली, हा माझा या सगळ्या प्रकरणातला एकमेव निखळ विजय.

चार लाख बायकोच्या एफडीतून आले. एफडी मोडताना ती एवढंच म्हणाली, "मग फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर." मी सात्त्विक संतापाने काही बोलणार तेवढ्यात तिने सांगितलं की महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी. ५२ लाखांचा एक टक्का, ५२ हजार. मी गप्प. ते ५२ हजार वाचले आणि त्याच आठवड्यात एजंटभाऊ आपला एक टक्का घेऊन गेला, ५२ हजार. आणि ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून काकांच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापून आम्हाला सरकारला भरायचा होता, तो पण ५२ हजार. काका म्हणाले, घर माझं, चहा माझा, आणि कापाकापी तुमची? त्यांना रिटर्नमध्ये ते मिळतील हे समजावण्यात एक रविवार गेला.

काकांचं स्वतःचं थोडं कर्ज शिल्लक होतं हे सर्वात शेवटी कळलं, एजंटभाऊच्या मते ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. मूळ ॲग्रीमेंट त्यांच्या बँकेत, आमची बँक म्हणते कागद द्या मग चेक, त्यांची बँक म्हणते चेक द्या मग कागद. शेवटी त्यांच्या बँकेकडून बाकी किती आणि कुठले कागद ताब्यात आहेत याची पत्रं आणली, आमच्या बँकेने तेवढ्याचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने काढला. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५ हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काका तिसाव्या दिवसाची फार आशेने वाट बघत होते पण कागद एकोणतिसाव्या दिवशी आले.

तर आता फ्लॅट आमचा आहे. म्हणजे तिचा. भाडं येतं १७ हजार, तिच्या खात्यात. हप्ता जातो ३२ हजार सहाशे, माझ्या. मधल्या फरकाला एजंटभाऊ अप्रिसिएशन म्हणतो.

गेल्या महिन्यात भाडेकरूचा करार करायला तोच आला, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरावाला पोरगा घेऊन. आमच्याच हॉलमध्ये सगळे बसले. बायकोचा फोटो झाला, अंगठा झाला, भाडेकरूला तो अदबीने म्हणाला, मॅडम इन्व्हेस्टर आहेत. तिची पाठ ताठ झालेली मी बघितली. मग माझ्याकडे वळला आणि मशीन पुढे सरकवलं.

"सर, तुम्ही साक्षीदारात बसा. फक्त एक फॉर्मॅलिटी."

अंगठा तीनदा लावला तरी मशीन घेत नव्हतं.