टू आला, टू गेला

इंग्रजी व्याकरणात इन्फिनिटिव्ह नावाचं एक प्रकरण आहे, म्हणजे 'टू गो'सारखं क्रियापदाचं मूळ रूप, कधी 'टू'सकट तर कधी 'टू'शिवाय. ज्यांच्या वाट्याला ते आलं नाही त्यांनी अंबाबाईला नमस्कार करावा आणि खुशाल रंकाळ्यावर हवा खायला जावं. आमची पोरगी नववीत आहे, त्यामुळं आमची हवा घरातच निघते.

"पप्पा, 'आय वाँट हिम टू गो' यात जाणार कोण?"

"तो."

"मग 'ही' पाहिजे. 'हिम' कशाला?"

मी चष्मा पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून माझी आई म्हणाली, "आरं, त्येला कुठं जायाचंय? तूच त्येला घालवायला निघालायस."

व्याकरणाच्या पुस्तकात याला अर्धं पान लागतं. जाण्याचा कर्ता तोच, पण 'वाँट'च्या तावडीत सापडल्यामुळं रूप मात्र कर्माचं. तसंही जिथल्या पोरी बिनदिक्कत 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्या गावात 'ही' आणि 'हिम'चं काय घेऊन बसायचं!

खरा छळ त्या 'टू'चा. 'शी मेड मी वेट' म्हणताना तो गायब. तेच वाक्य कर्मणी केलं की 'आय वॉज मेड टू वेट', लगेच हजर! ताटकळणारा मीच, ताटकळवणारी तीच, मधल्या मधे हा कुठून उगवला? 'हेल्प'ला मात्र तो असला तरी चालतो, नसला तरी चालतो. सगळ्या इंग्रजीत हे एकच क्रियापद मला कोल्हापुरी वाटतं. चालतंय की!

बरं, साहेबसुद्धा याच्यापायी भांडलेत. 'टू' आणि क्रियापद यांच्यामधे दुसरा शब्द घुसवू नये, असं 1864 साली हेन्री आल्फर्ड या कँटरबरीच्या धर्मगुरूनं बजावलं. नवराबायकोत तिसऱ्यानं पडू नये, तसं. लोक पडत राहिले. आता बहुतेक व्याकरणकारांना त्याचं काही वाटत नाही.

राहिला 'स्टॉप'. 'स्टॉप ईटिंग' म्हणजे खाणं बंद. 'स्टॉप टू ईट' म्हणजे खाण्यासाठी थांबणं. मिसळीबाबत डॉक्टरांनी मला पहिलं सांगितलं होतं. रविवारी राजारामपुरीत मी दुसरं केलं, तेही वरून कट मागून घेत. शर्टावरच्या डागानं चुगली केली.

"आई, पप्पांचा नुसता इन्फिनिटिव्ह चुकला," पोरीनं माझी बाजू घेतली.

"असं? मग दुपारचा स्वयंपाक मी स्टॉप केलाय," बायको म्हणाली. "पुढं टू लावायचा का आयएनजी, ते तुम्ही बापलेक ठरवा."