भिंत कुठली, ते आधी सांग

मोठे फोटो घरच्या घरी छापावेत ही इच्छा माणसाला साधारण पन्नाशीला होते. तोवर गुडघे सिंहगडाला नाही म्हणायला लागलेले असतात, आणि हार्ड डिस्कवर कासच्या फुलांचे इतके फोटो साठलेले असतात की प्रत्यक्ष पठारावर तेवढी फुलं असतील का, अशी शंका यावी. मी घरात प्रिंटरचा विषय काढला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "भिंत कुठली, ते आधी सांग."

प्रश्न रास्त होता. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक भिंत टीव्हीची, एक खिडकीची, एकीवर बाबांचा हार घातलेला फोटो. उरते ती फ्रिजच्या वरची चतकोर जागा. पण मी अभ्यासाला लागलो होतो, आणि अभ्यासाला लागलेल्या माणसाला भिंती दिसत नाहीत.

घरगुती मोठ्या प्रिंटरवाल्यांचे पंथ दोन: तेरा इंची आणि सतरा इंची. तेरा इंचीवर ए३ प्लस, म्हणजे १३ बाय १९ इंचाचा कागद जातो. सतरा इंचीवर ए२, म्हणजे साधारण साडेसोळा बाय साडेतेवीस इंचाचा. हिशेब सरळ आहे. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. इंचाला ३०० पिक्सेल धरले की तो २० बाय १३ इंच भरतो. म्हणजे ए३ प्लस माझ्याच मापाने शिवल्यागत. ए२ ला त्याच हिशेबाने जवळपास ३५ मेगापिक्सेल लागतात. इथेच विषय संपायला हवा होता. पण एका मित्राने सांगितलं, "अरे, मोठा फोटो माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, तिथून कोण पिक्सेल मोजतंय?" झालं, मी पुन्हा सतरा इंचीत. (आमच्या हॉलमध्ये पाच फूट मागे सरकलं की माणूस थेट बाल्कनीत जातो, हे त्याला मी सांगितलं नाही.)

मग शाई. डाय शाई कागदात मुरते, चकचकीत कागदावर झकास दिसते, पण उजेडात लवकर फिकी पडते. दुसरी पिगमेंट शाई: तिचे रंगकण कागदावर बसतात, रंग कितीतरी जास्त वर्षं टिकतात. मला अर्थातच टिकाऊ हवी. माझ्या पश्चात हे फोटो कोण बघणार, असं मुलीने विचारलं. तिला अभ्यासाला बसवलं.

बरं, या प्रिंटरांना चार रंग पुरत नाहीत. एप्सनच्या पी९०० या सतरा इंचीत दहा कार्ट्रिज. कॅननच्या प्रो-१००० मध्ये बारा, आणि वजन सुमारे ३२ किलो. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस 'दुरुस्ती चालू आहे' असते, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. सगळ्या कार्ट्रिजच्या संचाची किंमत मी बायकोला सुटी सुटी, एकेका रंगाची सांगितली. तिने बेरीज तोंडी केली आणि एवढ्या पैशांत लॅबमधून किती फोटो येतील तेही सांगून टाकलं. बँकेत नोकरी करणाऱ्या बायकोपुढे हप्त्याहप्त्याने बोलण्यात अर्थ नसतो.

खरी गंमत पुढे आहे. हा प्रिंटर काही न छापताही शाई पितो. बरेच दिवस बंद राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक भोकांत, शाई वाळते. मग नोझल चेक काढायचा. त्या कागदावर बारीक बारीक रेघांच्या जाळ्या उमटतात. कागद खिडकीशी धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि फिक्या निळ्यातली कुठली रेघ तुटलीय ते शोधायचं. फिक्या पिवळ्यातली तुटलेली रेघ तर देवालाही दिसत नसेल. तुटकी सापडली की हेड क्लीनिंग: चांगली शाई जोरात ओढून नोझल धुतली जातात आणि ती शाई मेंटेनन्स बॉक्स नावाच्या डब्यात जाते. डबा भरला की नवा आणायचा. म्हणजे शाई विकत घ्यायची आणि ती वाया घालवायला डबाही विकत घ्यायचा! यावर जाणकारांचा उपाय असा की दर आठवड्याला एखादा रंगीत फोटो छापत राहावं.

आई जपमाळ थांबवून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे गाय पाळण्यासारखंच की रे. पण गाय दूध तरी देते."

कागदाच्या भानगडीत मी शिरत नाही. ग्लॉसी, लस्टर, मॅट, बराइटा, आणि प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरवायचे ते प्रिंटरला सांगणारी फाइल. स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडून येतो, म्हणून मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग नीट लावायचं, यंत्र वेगळं. ते मी अजून घरात बोललेलो नाही.

शेवटी टेप घेऊन मोजमाप काढलं. सतरा इंची प्रिंटर मिटलेला असताना दोन फूट रुंद. पुढचे-मागचे ट्रे उघडले की त्याची खोली दुप्पट होते. जाड कागद सरळ जावा म्हणून मागेही मोकळी जागा लागते. तो मावेल अशी घरात एकच जागा निघाली, आईचं देवघर आहे तिथे. टेप मी मुकाट्याने गुंडाळली.

म्हणजे तेरा इंची, असं मी जवळजवळ ठरवलंय. बातमी मात्र माझ्याआधी जिन्याने खाली पोचली. काल सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये भेटले. "मोठा प्रिंटर घेताय म्हणे? उत्तम! बुधवारी पाण्याची टाकी धुवायची आहे. तेवढी सूचना काढून द्या. मोठ्या अक्षरात, चारही विंगसाठी. आणि हो, रंगीतच काढा, साधी कोणी वाचत नाही."

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बघ, दर आठवड्याची सोय झाली."