१९ कसोट्या? बस्स?

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रिकेटचा विषय निघाला. मी भारताच्या जुन्या महिला क्रिकेटपटू शुभांगी कुलकर्णींचं नाव घेतलं, तर एका मित्राने मोबाइलवर आकडे बघून निकाल दिला, "पंधरा वर्षांत १९ कसोट्या? बस्स? एवढ्यात कसली दिग्गज!" तिथे वाद घालत बसले नाही. इथे घालते.

१९७६ साली भारताच्या महिला संघाने पहिलीवहिली कसोटी खेळली, बंगळूरला, वेस्ट इंडिजविरुद्ध. त्यात पुण्याची एक १७ वर्षांची मुलगी, म्हणजे आपल्या शुभांगीताई, लेगस्पिन (मनगटाने चेंडू वळवणारी फिरकी) टाकत होती. पदार्पणातच पाच बळी! लेगस्पिन म्हणजे भल्याभल्यांना छळणारी कला. टप्पा जरा चुकला की चौकार ठरलेला. हात बसायचा तर सामने हवेत, मार खायला हवा, पुन्हा चेंडू मागून घ्यायला हवा.

आणि सामने किती? १९७७ च्या सुरुवातीला परदेश दौरा झाला, त्यानंतरची कसोटी थेट १९८४ मध्ये. सात वर्षं एकही नाही. सतरापासून चोविसापर्यंतचं वय असं गेलं. मधे १९७८ आणि १९८२ चे विश्वचषक मिळाले, तेवढाच काय तो दिलासा. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर परत १९९१ पर्यंत भाकडकाळ. एवढं होऊनही ६० कसोटी बळी. त्यांच्याच काळातल्या भारताच्या गोलंदाज डायना एडलजींचे ६३, तेही २० कसोट्यांत. त्या १९ मागे काय काय दडलंय ते गूगल सांगत नाही रे बाबा.

गंमत पुढेच आहे. अलीकडची दिग्गज फलंदाज मिताली राज किती कसोट्या खेळली? १२. वेगवान गोलंदाज झुलन गोस्वामी? तीही १२. मग आता त्यांनाही काढायचं का यादीतून?

मला शुभांगीताईंच्या गोलंदाजीइतकंच त्यांचं २००६ सालचं काम मोठं वाटतं. तेव्हा त्या महिला क्रिकेट संघटनेच्या सचिव होत्या आणि त्याच काळात ती संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. स्वतःच्या हातातली खुर्ची दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं सोपं नसतं, आपल्याकडे तर गणपती मंडळंसुद्धा फुटतात, जुळत नाहीत. पैसा आला, सोयी आल्या. पण त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यानंतर मुलींना पुढची कसोटी मिळाली २०१४ मध्ये. आठ वर्षांनी! विलीनीकरण हवंच होतं, यावर मी ठाम आहे. पण तेव्हा श्रीमंत बोर्डाला कसोट्या का परवडल्या नाहीत, याचं उत्तर मला आजवर पटलेलं नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलो. मुलींनी चषक मिताली, झुलन, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हातात दिला तेव्हा मीही रडले. आणि रडता रडता त्या गर्दीत आणखी जुने चेहरे शोधत होते.

पुण्यात १९७६-७७ च्या आसपास कुणी शुभांगीताईंना सरावाच्या नेटमध्ये गोलंदाजी टाकताना पाहिलंय का? असेल तर खाली लिहा. ग्रुपवर टाकायचंय.