‘रिकॉल पाठ करा, एफएमजीई निघेल’: हा सल्ला कुठे फसतो

एफएमजीई म्हणजे परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या तयारीबद्दल एक संदेश दर वेळी फिरतो: ‘गेल्या दहा वर्षांचे रिकॉल पाठ करा, नीट-पीजीच्या नोट्स वाचा, मिळतील तेवढ्या क्यूबँका सोडवा. प्रश्न तेच तेच येतात, मोठी पुस्तकं नकोत, बाकी काही लागत नाही.’ (रिकॉल म्हणजे उमेदवारांनी परीक्षेनंतर आठवून सांगितलेले प्रश्न, नीट-पीजी म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा, क्यूबँक म्हणजे सरावप्रश्नांचा संच.) परदेशातून पदवी घेऊन आलेली मुलं त्यावर विसंबून महिनेच्या महिने घालवतात, म्हणून तो मुद्देसूद तपासायला हवा.

‘प्रश्न तेच तेच येतात.’ टॉपिक तेच येतात, एवढं खरं. परीक्षा घेणारी संस्था एनबीईएमएस प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही आणि उमेदवारांना प्रश्न बाहेर सांगायला मनाई असते. त्यामुळे बाजारातले रिकॉल कुणाच्या तरी आठवणीतून उतरलेले असतात. आठवणीत रोगाचं नाव राहतं; रुग्णाचं वय, गर्भाचे आठवडे, रक्तदाब गळून जातात, पर्यायही बदलतात. उत्तर अनेकदा त्याच तपशिलावर ठरतं.

शिवाय काही उत्तरं आता जुनी झाली आहेत. उदाहरणार्थ, जन्मताना गर्भजलात मेकोनियम (बाळाची पहिली शी) आहे, बाळ सुस्त आहे, पुढची पायरी कोणती? जुन्या रिकॉलमध्ये ‘नळी घालून श्वासनलिकेतून मेकोनियम ओढून काढा’ असं उत्तर सापडेल. 2015 पासूनच्या सूचनांनुसार हे सरसकट करायचं नाही; सुरुवातीच्या पायऱ्यांनंतरही बाळ श्वास घेत नसेल तर पॉझिटिव्ह प्रेशर व्हेंटिलेशन (दाबाने फुप्फुसांत हवा देणं) सुरू करायचं.

कोणतंही पुस्तक किंवा नोट्स घेण्याआधी चार ठिकाणं उघडून पाहा. न्यायवैद्यकात भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत का (1 जुलै 2024 पासून खुनाची शिक्षा 302 ऐवजी 103, निष्काळजीपणाने मृत्यू 304-अ ऐवजी 106)? गर्भपात कायद्यात 2021 च्या दुरुस्तीची 20 आणि 24 आठवड्यांची मर्यादा आहे का? लसीकरणात 9 महिन्यांचा एफआयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनचा) तिसरा डोस आहे का? क्षयरोग कार्यक्रमाचं नाव आरएनटीसीपी आहे की 2020 पासूनचं एनटीईपी? यातली दोन जुनी निघाली तर ते साहित्य बाजूला ठेवा. त्यात न दिसणाऱ्या जुन्या गोष्टी आणखी असणार.

‘नीट-पीजीच्या नोट्स पुरतात.’ नीट-पीजी क्रमवारी लावते: 200 प्रश्न, बरोबरला 4 गुण, चुकल्यास 1 वजा. एफएमजीईत 300 पैकी 150 मिळवले की उत्तीर्ण, वजा गुण नाहीत. क्रमवारीसाठी लिहिलेल्या नोट्समध्ये दुर्मीळ सिंड्रोम आणि अपवादांना भरपूर पानं दिलेली असतात. उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांसाठी ती पानं महाग पडतात.

पानं कुठे खर्चावीत हे गुणांच्या वाटणीवरून ठरवा. मेडिसिन 33, सर्जरी 32, स्त्रीरोग-प्रसूती 30, पीएसएम (सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यक) 30, बालरोग 15, नेत्र 15, ईएनटी 15: एकूण 170. यात 65 टक्के म्हणजे सुमारे 110 गुण मिळाले, तर उरलेल्या 130 मध्ये फक्त 40 लागतात. पीएसएमला इथे तोड नाही. परदेशी अभ्यासक्रमात भारतातले राष्ट्रीय कार्यक्रम फारसे शिकवले जात नाहीत, आणि नेमक्या त्याच 30 गुणांसाठी मुलं सर्वांत पातळ पुस्तक घेतात. पीएसएम आणि न्यायवैद्यकाची नवीच आवृत्ती घ्या. शरीररचनेची जुनी आवृत्ती चालेल.

‘मिळतील तेवढ्या क्यूबँका सोडवा.’ हिशेब मांडून पाहा. समजा एका क्यूबँकेत 6,000 प्रश्न आहेत. रोज 40 सोडवायला 40 मिनिटं आणि त्यांची स्पष्टीकरणं नीट वाचायला दीड तास लागतो. असे 150 दिवस झाले तरी उजळणी शून्य. दुसरी क्यूबँक घेतली की पहिलीतले चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे राहतात, आणि खरे गुण तिथेच वाढतात. एकच निवडा. निवडताना नवजात काविळीसारखा एक टॉपिक दोन्हींत वाचा. चुकीचे तीन पर्याय का चुकीचे हे जी सांगते, ती ठेवा.

‘मोठी पुस्तकं नकोत’ हे बहुतांशी बरोबर आहे. ती सलग वाचू नका. स्पष्टीकरण पटलं नाही तर तेवढं पान उघडा.

फिरत्या पीडीएफच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सबद्दल तो संदेश काहीच सांगत नाही, पण नुकसान तिथेही होतं. फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग), त्वचेवरचे चट्टे, पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स रंगावरून ओळखायच्या असतात. करड्या छपाईत गुलाबी सायटोप्लाझम आणि निळं केंद्रक सारखंच दिसतं. हे चार विषय तरी रंगीत साहित्यातूनच करा: त्वचारोग, नेत्र, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी.

साहित्य ठरवण्याआधी 300 प्रश्नांची एक पूर्ण मॉक (सराव परीक्षा) द्या, 150 प्रश्न 150 मिनिटांत असे दोन भाग करून. चुका तीन रकान्यांत लिहा: माहीत नव्हतं, दोन गोष्टींत गल्लत झाली, प्रश्न नीट वाचला नाही. पहिला रकाना भरला असेल तर त्या विषयाच्या नोट्स किंवा व्हिडिओ घ्या. दुसरा भरला असेल तर नवं काही न घेता तुलनेचे तक्ते स्वतः बनवा. तिसऱ्यासाठी वेळ लावून आणखी मॉक द्या.