काकाला जाडा कोणी केला?

आज दुपारी तिठ्यावर स्कूटर थांबवली ती एका फ्लेक्समुळे. यंदाच्या काल्याचं नाटक काकाच्या स्मृतीला अर्पण केलंय, म्हणून त्याचा कृष्णाच्या वेशातला फोटो भला मोठा करून लावलाय. आनंदच आहे. पण तो आमचा काका नव्हेच! गाल फुगलेले, मान गायब, खांदे पैलवानासारखे, आणि हातातलं सुदर्शनचक्र चक्क अंडाकृती. ज्याला पीतांबर नेसवताना काकी म्हणायची, "गुंडाळू कुठं, कंबर तर दाखवा," त्या माणसाचा हा असा अवतार.

लगेच फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "ओळखू येतात ना?" मंडळाच्या पोरांना विचारलं तर तेही तेच, ओळखू येतात ना, मग झालं की. अरे ओळखू येणं एवढीच पायरी ठेवलीत का गेलेल्या माणसासाठी?

फोटो आलाय कुठून तर काकाने कृष्ण केला त्या जुन्या नाटकाच्या कॅसेटवरून. नव्वदच्या दशकात व्हीएचएसवर शूट झालं, मग कोणीतरी डीव्हीडी करून घेतली, आणि आता एका पोराने ती लॅपटॉपवर फुल स्क्रीन लावून स्क्रीनशॉट मारला. मेकअपमधले कागदावरचे फोटो आमच्या पावसाळ्यांनी बुरशी चढवून कधीच खाल्ले, त्यामुळे काकाचा कृष्ण आता फक्त त्या डिस्कवर उरलाय. म्हणून जीव तुटतो हो.

आता झालंय काय ते ऐका. जुनी कॅसेट म्हणजे ४:३ चं चित्र, रुंदी चार तर उंची तीन, आणि लॅपटॉपचा स्क्रीन १६:९, म्हणजे जास्त आडवा. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की आपल्या लोकांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं, मग चित्र ओढून स्क्रीनभर करायचं. घरोघरच्या टीव्हीवर हेच चाललंय, जुन्या सिनेमातल्या सगळ्या नट्या बुटक्या आणि गोल, आणि कोणाला काही वाटतही नाही!! माणूस आडवा एक तृतीयांशाने वाढतो. एक तृतीयांश म्हणजे थोडंथोडकं नाही.

मला हे नुसतं बघून कळलं असं नाही, मोजलंय. काकाने ते चक्र स्वतः केलेलं, बिस्किटाच्या गोल डब्याचं झाकण पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, कापलं, वर सोनेरी कागद. मी शेजारी खळीची वाटी धरून बसलो होतो. म्हणजे ते गोलच होतं, यात वाद नाही. त्या फ्रेममध्ये त्याने चक्र बरोबर कॅमेऱ्यासमोर सरळ धरलंय. पोराकडून मूळ स्क्रीनशॉट मागवला आणि चक्र मोजलं तर रुंदी ४०० पिक्सेल, उंची ३००. झालं की, चाराला तीन. १९२० × १०८० चा फोटो, उंची तशीच ठेवायची आणि रुंदी १४४० करायची. गिम्प या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल इमेजला जा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा, आकडा घाला, संपलं. चहा निवायच्या आत होतं. चक्र गोल झालं आणि त्याबरोबर काकाची हनुवटी परत आली, ती टोकदार, किंचित डावीकडे झुकलेली.

तुमच्या फोटोत चक्र नसेल तर भिंतीवरचं घड्याळ बघा, समोरून दिसणारं ताट बघा. तिरकं दिसणारं नको, ते तसंही लांबटच दिसणार.

दुसरी भानगड म्हणजे काही प्लेअर स्क्रीनशॉट डिस्कवर साठवलेल्या पिक्सेलचाच काढून देतात. आपल्याकडच्या पाल (PAL, ६२५ ओळींची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीत चित्र ७२० × ५७६ असतं, मग ते ४:३ असो की १६:९. १९८२ साली डिजिटल व्हिडिओचं जे स्टँडर्ड ठरलं त्यात एका ओळीत ७२० पिक्सेल, आमच्या ६२५ ओळींच्या सिस्टीमलाही तेवढेच आणि अमेरिकेच्या ५२५ ओळींच्याही. म्हणजे ते पिक्सेल चौरस नाहीतच. किती ओढून दाखवायचं ती खूण फाईलमध्ये वेगळी असते, चालू व्हिडिओत प्लेअर ती पाळतो पण सेव्ह केलेल्या फोटोत ती हरवते. तेव्हा ४:३ असेल तर ७६८ × ५७६ करा, १६:९ असेल तर १०२४ × ५७६. ही दुसरी चूक झाली की माणूस उलट काडीसारखा दिसतो. आणि हलत्या हातावर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर आधी डीइंटरलेस, म्हणजे त्या रेघा घालवणारी सोय, चालू करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये डी दाबलं की होतं.

हो, मान्य, स्कूटरवरून जाणाऱ्या कोणाला यातलं काही दिसणार नाही. काकी स्वतः फ्लेक्स बघून रडली, आणि म्हणाली छान लावलाय. ठीक आहे, तिला छान वाटलं तर माझं काय जातं.

पण तरी. तोच फ्लेक्सवाला एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर नाक इतकं तरी वाकडं करेल का? तिथे चार वेळा प्रूफ दाखवायला जातो. आणि देवळात पदरमोड करून आयुष्यभर नाटकं केलेल्या माणसाला "ओळखू येतात ना". हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, संध्याकाळ झाली तरी.

पोरावर राग नाही खरं तर. एवढ्या तासांच्या नाटकातून नेमका चक्राचा क्षण त्याने शोधला, ती नजर त्याला आहे. मी त्याला सगळं समजावलं तर म्हणाला, "काका, मला कोणी सांगितलंच नाही." बरोबर आहे, कोण सांगणार, सगळे लाईक करण्यात गुंग.

दुरुस्त केलेली फाईल फ्लेक्सवाल्याकडे पाठवलीय, नवीन छपाईचे पैसे मी देतो म्हटलं. तुमच्याकडे जुन्या काल्याच्या, जत्रेच्या कॅसेटमधले असे ताणलेले फोटो असतील तर इनबॉक्स करा, करून देईन. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर दाबून बारीक होतो, आणि मग मोजायला काही राहत नाही.