आरसा डावं-उजवं उलटं करतो, मग वर-खाली का नाही?

लांबलचक पोस्ट आहे, आधीच सांगते.

परवा भाचीची वेणी घालत होते आरशासमोर, आणि ती मधेच म्हणाली, मावशी, आरशात माझा उजवा हात डावा होतो, मग डोकं खाली आणि पाय वर का नाही होत गं? मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली बाई, ठोकून दिलं की अगं आपले डोळे शेजारी-शेजारी आडवे आहेत ना, म्हणून. तिनं लगेच एक डोळा मिटला. मग मान वाकडी करून पार खांद्याला टेकवली, वेणी गेली सुटून, आणि म्हणाली, "तरीपण तसंच दिसतंय." झालं, माझी डिग्री तिथेच निकालात निघाली.

रात्री मी एकटीच आरशासमोर उभी राहिले. तुम्हीही राहून बघा. बोट खिडकीच्या बाजूला करा, आतलं बोटही खिडकीकडेच जातं. वर करा, तेही वर. आता बोट सरळ आरशावर रोखा... आतली बाई तुमच्यावर रोखते! म्हणजे आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही, उलटं करतो ते पुढचं-मागचं. डाव्या-उजव्याचा घोळ आपलाच, कारण आपण मनातल्या मनात गिरकी घेऊन त्या आतल्या बाईच्या जागी जाऊन उभे राहतो आणि मग तिचा हात कुठला ते ठरवतो. कागदाचंही तेच. लिहिलेला कागद आरशाला दाखवायला आपणच तो फिरवतो ना, पुस्तकाचं पान उलटतो तसा फिरवला तर अक्षरं डावी-उजवी उलटी, आणि कॅलेंडरचं पान वर उलटतो तसा फिरवला तर वरचं खाली. पारदर्शक प्लॅस्टिकवर नाव लिहून न फिरवता तसंच समोर धरलं तर आरशात नाव अगदी सरळ वाचता येतं. मी धरलं, आणि रात्री साडेअकराला एकटीच हसत बसले.

इथे थांबता आलं असतं. पण मग डोक्यात आलं की डावं-उजवं ही भानगड मुळात आहे काय? वर म्हणजे काय हे जमिनीवरून कळतं, पुढे म्हणजे नाक आहे तिकडे, पण डावं कुणाला शब्दांत समजावून सांगा बघू, हात न दाखवता. ऑस्ट्रेलियात गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे (कांगारू हा शब्द जगाला तिनंच दिला), तिच्यात अशा ठिकाणी डावं-उजवं न म्हणता पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण म्हणतात, म्हणजे तुमच्या पायाजवळ मुंगी असली तर ती पायाच्या उत्तरेला असणार, आणि तुम्ही वळून उभे राहिलात तरी उत्तर काही वळत नाही. निघाले होते फिजिक्समधून आणि पोचले भाषाशास्त्रात. तिथून कांट. या तत्त्ववेत्त्यानं १७६८ साली विचारलं होतं की अख्ख्या विश्वात फक्त एकच हात असता तर तो डावा की उजवा? मी त्यावर दोन दिवस घालवले, अजून डोकं भणभणतंय.

मग केमिस्ट्री. १८४८ मध्ये पंचविशीतला लुई पाश्चर मायक्रोस्कोपखाली टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक बघत होता आणि त्याच्या लक्षात आलं की यात दोन जाती आहेत, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. गड्यानं चिमट्यानं एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले! दोन्हींची पाण्यात द्रावणं केली तर एक ध्रुवित प्रकाशाला (ज्याच्या लहरी एकाच प्रतलात डोलतात अशा प्रकाशाला) एकीकडे वळवतं, दुसरं विरुद्ध बाजूला. बियो नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला काही हे पटेना, त्यानं पाश्चरकडून सगळा प्रयोग पुन्हा आपल्या डोळ्यांसमोर करून घेतला. मला हा म्हातारा फार आवडला, खरं सांगते. आणि हे नुसतं स्फटिकांचं कौतुक नाही, आपल्या नाकालाही हा फरक कळतो. कार्व्होन नावाचा एक रेणू आहे, त्याच्या एका रूपाला पुदिन्याच्या जातीतल्या स्पेअरमिंटचा वास येतो आणि आरशातल्या रूपाला कॅरवे नावाच्या जिऱ्यासारख्या बियांचा. अणू तेच, कोण कुणाला जोडलाय तेही तेच.

शेवटी फिरून फिजिक्सच. आरशातलं जग निसर्गाच्या नियमांनीच चालतं असं सगळे धरून चालले होते. १९५६ मध्ये ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी शंका काढली, आणि च्येन-श्युंग वू या बाईंनी कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही तिथपर्यंत, गार करून दाखवून दिलं की निसर्ग चक्क एक बाजू धरतो, आरशातला प्रयोग खऱ्यासारखा चालत नाही. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं, वूबाईंना नाही. याचा मला अजून राग येतो. त्यातलं गणित मला झेपलं नाही, पण प्रयोगाचा सांगाडा कळला.

आता माझं म्हणणं ऐका. शाळेत हा प्रश्न विचारला असता तर कुठल्या तासाला विचारला असता? फिजिक्सच्या तासाला अर्धं उत्तर मिळालं असतं, किरणांची आकृती काढून, पाच मार्कांची, आणि बेल झाली की वही बंद. भाषेच्या तासाला तर बाई म्हणाल्या असत्या, हे विज्ञानाचं आहे. विषय वेगळे हवेतच, त्याशिवाय खोलात जाता येत नाही, पाश्चरला केमिस्ट्री नीट येत होती म्हणूनच ते दोन ढीग झाले. पण आपल्याला परीक्षा द्यायची नाहीये, नोकरी मिळवायची नाहीये, मग आपण कशाला ती बेल डोक्यात वाजवत बसायची? आणि ते "तुम्हाला माहीत आहे का" वाले रील्स, तीस सेकंदात उत्तर, लगेच पुढचं... मला त्यांचा कंटाळा येतो कारण त्यात कुणी डोळा मिटून बघत नाही. मी बीएस्सीनंतर इतकी वर्षं "डोळे आडवे आहेत" हे उत्तर जवळ बाळगून होते, कुठून आलं तेही आठवत नाही, आणि एकदाही मान वाकडी करून पाहिली नव्हती.

भाचीला पुढचं-मागचं सगळं नीट सांगितलं, प्लॅस्टिकही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि काही न बोलता गेली. काल जेवताना चमचा नाकासमोर धरून बसली होती, चकचकीत खोलगट बाजू स्वतःकडे करून, आणि एकदम ओरडली, "मावशी, हा बघ, हा करतो वर-खाली!"

चमचा आता माझ्याकडे आहे.